हत्यार आणि हातवळण : प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसांना त्यांच्या हत्यारांविषयी बोलते करावे आणि ते बोलणे शक्य तितके जसेच्या तसे मराठीत उतरवून ठेवावे, एवढाच माफक संकल्प मनाशी धरून काही वर्षांपूर्वी मी या कामास आरंभ केला, तेव्हा माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘तुमच्या मते सर्वांत चांगला एडिटर कोणता?’ पुण्यात कर्वेनगर भागात राहणारे, चाळिशीच्या घरातील एक गृहस्थ माझ्या पहिल्या संवादाचे मानकरी. या एका प्रश्नावर त्यांनी पावणेदोन तास व्याख्यान दिले, त्यात व्हिम या एडिटरचा महिमा गायिला, इमॅक्स वापरणाऱ्यांची यथेच्छ रेवडी उडविली, आणि मी निरोप घेऊन जिना उतरू लागलो तेव्हा माझ्या वहीत त्यांच्या निष्ठेविषयी अकरा पाने आणि त्यांच्या कामाविषयी एकही ओळ नव्हती. पहिल्या मजल्यापर्यंत ते मला पोचवायला आले आणि सहज म्हणाले, ‘सर, आज जरा जास्तच बोललो. सकाळपासून डोकं फिरलं होतं. एका प्रोग्रॅममध्ये तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचली जात होती, महिना आधी, दिवस नंतर. बारा तारखेपर्यंत सगळं गुपचूप चुकत होतं, कुणाला पत्ता नाही. आज तेरा उजाडली आणि धाडकन कोसळलं.’

पावणेदोन तासांत जे मिळाले नव्हते ते जिन्यावरच्या या चार वाक्यांत मिळाले. चूक असूनही ती बारा दिवस बिनबोभाट कशी राहते, तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळेच काय तो यंत्राला प्रथम संशय कसा येतो, आणि म्हणून कोसळणारी आज्ञावली न कोसळणाऱ्या आज्ञावलीपेक्षा कधी कधी अधिक प्रामाणिक कशी असते, हे सगळे त्यांत होते. घरी येऊन मी वहीतला प्रश्न खोडला आणि त्याच्या जागी ‘काल कुठे अडलात?’ असे लिहिले. सुताराला पटाशी श्रेष्ठ की रंधा असे विचारले तर तो आपल्या गुरूचे नाव सांगेल. काल कोणते लाकूड फुटले असे विचारले तर लाकडाविषयी सांगेल. प्रस्तुत ग्रंथातील त्यापुढचे सारे संवाद त्या बदललेल्या प्रश्नातून निघालेले आहेत, आणि त्यांचे जे काही मोल असेल ते हत्यारांच्या गुणवर्णनापेक्षा त्या हत्यारांना बसलेल्या हातवळणात आहे, असे माझे मत झाले आहे.

अशा संवादांची परंपरा नवी नाही. सुसान लॅमर्स यांचा ‘प्रोग्रॅमर्स ॲट वर्क’ हा मुलाखतींचा संग्रह १९८६ साली निघाला, आणि पीटर सायबेल यांचा ‘कोडर्स ॲट वर्क’ हा २००९ साली. दुसऱ्यात केन थॉम्प्सन, फ्रॅन ॲलन, डोनाल्ड क्नूथ आदी पंधरा जणांची संभाषणे आहेत. आज्ञावलीतील चुका तुम्ही कशा शोधता, हा सायबेल यांचा ठेवणीतला प्रश्न. आणि या विद्येतील एवढ्या धुरंधरांपैकी अनेकांनी, खास या कामासाठी निर्माण झालेली डीबगर नावाची सूक्ष्म उपकरणे हाताशी असताना, आपली भिस्त मुख्यतः आज्ञावलीत जागोजागी पेरलेल्या छपाईच्या वाक्यांवर असल्याचे कबूल केले. माझा अनुभव अक्षरशः तसाच. चहा येण्यापूर्वी प्रत्येकाने मला दोन-तीन प्रतिष्ठित डीबगरांची नावे ऐकविली आणि चहाचा पेला खाली ठेवताना, जणू एखादे व्यसन कबूल करावे तशा स्वरात, ‘खरं सांगू का? प्रिंटच टाकतो,’ असे सांगितले. नाशिककडच्या एका तरुणाने आपली छपाईची वाक्ये ‘आलो’, ‘पोचलो’ आणि ‘मेलो’ अशा चढत्या श्रेणीने लिहिण्याची पद्धत ठेवली होती. त्यांतले तिसरे एकदा काढायचे राहून गेले आणि एका परदेशी ग्राहकाच्या नोंदवहीत रोमन अक्षरांत रोज रात्री दोन वाजता उमटू लागले. त्या ग्राहकाने आठवड्याभराने अत्यंत विनयाने या शब्दाचा अर्थ विचारला, असे तो सांगत होता.

या कबुलीत लाजण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. डीबगर काळ थांबवितो; आज्ञावली एका ओळीवर गोठते आणि तिचे अंतरंग न्याहाळता येते. परंतु जेथे अनेक कामे एकाच वेळी परस्परांशी स्पर्धा करीत चाललेली असतात, तेथे एकाला थांबविताच बाकीच्यांचा क्रम बदलतो आणि ज्या चुकीला पकडायचे ती पाहुणा आल्यावर शहाण्यासारख्या वागणाऱ्या पोरासारखी नाहीशी होते. शिवाय ज्या यंत्रावर या घटकेला हजारो लोक तिकिटे काढीत आहेत ते थांबविण्याची मुभा कोण देणार? अशा वेळी मागे उरलेली नोंद हाच एकमेव साक्षीदार. छापलेल्या ओळी म्हणजे आज्ञावलीची रोजकीर्द होय, आणि रोजकीर्द वाचून अफरातफर हुडकणारा जुना मुनीम आणि पहाटे तीन वाजता लॉग वाचीत बसलेला आजचा अभियंता यांच्या नजरेत मला तरी फारसे अंतर आढळले नाही. मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की १९४९ साली केंब्रिज येथे एडसॅक यंत्रावर काम करीत असता, जिन्याच्या एका वळणावर त्यांना एकाएकी उमगले की आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे. या व्यवसायातील ज्ञान जिन्यांवर होते, या माझ्या समजुतीला त्यामुळे थोडा थोरामोठ्यांचा आधार मिळतो.

जिना काय किंवा चहाची टपरी काय, अशा जागांचे महत्त्व गेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एका हकीकतीच्या रूपाने सांगितले आहे. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विद्यार्थ्यांच्या कामाच्या दालनाच्या टोकाला खाद्यपेयांची विक्रीयंत्रे होती आणि तेथे सदैव गलका चाले. कोणी तक्रार केली. व्यवस्थापकाने स्वतः येऊन पाहिले, तो गलका त्याच्याही कानी पडला, आणि त्याने ती यंत्रे दूर हलविण्याचा हुकूम दिला. आठवड्याभरातच दुसरी तक्रार आली ती अशी की अडलेल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी नेमलेले सल्लागार अपुरे पडत असून त्यांच्यापुढे लांबच लांब रांगा लागत आहेत. शोध घेता निघाले ते हे की बहुतेकांच्या अडचणी त्या यंत्रांपाशी उभ्याउभ्याच, दुसऱ्या अडलेल्याच्या तोंडून, सुटत होत्या. दफ्तरी हिशेबात ज्याची नोंद गोंगाट म्हणून होती, ते त्या केंद्राचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कार्यक्षम हत्यार होते. हिंजवडीच्या रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर दुपारी चार वाजता जी गर्दी उसळते तिच्याकडे ही हकीकत वाचल्यापासून मी निराळ्या दृष्टीने पाहतो. या ग्रंथातील निम्मे संवाद तेथेच, कटिंगच्या साक्षीने झालेले आहेत.

हत्यारांच्या घडणीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण तरुण वाचकांपैकी अनेकांना ती घडण पूर्वनियोजित आणि म्हणून तर्कशुद्ध असावी असे वाटते. वस्तुस्थिती जुन्या वाड्यासारखी आहे. प्रत्येक अडचणीच्या पायरीला कारण असते, ते कारण बहुधा केव्हाच नाहीसे झालेले असते, आणि पायरी तेवढी उरलेली असते. व्हिम वापरणारा मनुष्य कर्सर हलविण्यासाठी एच, जे, के आणि एल ही अक्षरे दाबतो. या व्यवस्थेचे गूढ समर्थन अनेकांनी मला ऐकविले, परंतु त्याचे मूळ इतकेच की बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे व्हिमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर लिहावयास घेतला तेव्हा त्यांच्यापुढील एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांची निराळी बटणे नव्हती, त्या चार अक्षरांच्या बटणांवरच बाण चितारलेले होते. आज्ञावलीची ओळ ऐंशी अक्षरांपलीकडे जाऊ देऊ नये हा दंडक घ्या. आयबीएम कंपनीने १९२८ साली ऐंशी स्तंभांचे छिद्रपत्र काढले, पुढे पडद्यांनी तीच रुंदी स्वीकारली, आणि ज्या पिढीने छिद्रपत्र डोळ्यांनीही पाहिलेले नाही ती पिढी पायथॉन भाषेच्या लेखनसंकेतात आजही एकोणऐंशी अक्षरांची मर्यादा पाळते आहे.

परंतु या साऱ्यांत मला प्रिय आहे ती ‘मेक’ची कथा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत हे हत्यार घडविले. विखुरलेल्या फायलींपैकी कोणती बदलली आणि म्हणून काय काय पुन्हा सिद्ध करावे लागेल हे ते ठरविते. त्याच्या सूचनापत्रात काही ओळींचा प्रारंभ टॅब या अदृश्य खुणेनेच व्हावा लागतो, तेवढ्याच लांबीची मोकळी जागा चालत नाही, आणि डोळ्यांना दोहोंतला फरक दिसत नाही. ही योजना गैरसोयीची आहे हे फेल्डमन यांच्याही ध्यानात लवकरच आले; परंतु तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये असे त्यांना वाटले. त्या डझनभरांची भीड राखली गेली, आणि तेव्हापासून आजतागायत जगातील कितीएक नवशिक्यांनी न दिसणाऱ्या एका खुणेपायी आपल्या रात्री घालविल्या. सौजन्याची किंमत कोणाला, केव्हा आणि किती चुकवावी लागेल याचा अंदाज बांधणे किती कठीण! मुंबईतील एका अनुभवी बाईंनी हा प्रसंग मला सांगितला आणि पुढे शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणून मी पहिल्या दहा युजरांशी जरा वाईटच वागते.’

या ग्रंथात सर्वाधिक पाने ज्या विषयाने व्यापली आहेत तो विषय म्हणजे बदलांची नोंद. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल प्रयोगशाळेतच एससीसीएस ही पहिली ठळक व्यवस्था निर्माण केली, तिच्यामागून अनेक आल्या, आणि आज बहुतेक सर्वत्र जिचा अंमल आहे ती ‘गिट’ ही व्यवस्था एका तंट्यातून जन्मली. लिनक्सचे कर्ते ज्या खाजगी व्यवस्थेचा विनामूल्य उपयोग करीत होते तिच्या मालकांनी ती सवलत काढून घेतली, तेव्हा त्यांच्यापैकीच लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये नवे हत्यार लिहावयास घेतले आणि थोड्याच दिवसांत त्या हत्याराचे स्वतःचे बदल त्याच्याच दफ्तरी नोंदले जाऊ लागले. या व्यवस्थेचे मराठी मनाला पटेल असे विवरण कसे करावे या विवंचनेत मी बरेच दिवस होतो. ती विवंचना सातारा जिल्ह्यातील एका अभियंत्याच्या वडिलांनी दूर केली. ते तलाठी म्हणून सेवानिवृत्त झाले आहेत. मुलगा मला गिट समजावून सांगत होता, आणि वडील झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत असल्याचे सोंग करीत होते.

‘कोड बदलला की नोंद होते, काका. कुणी बदलला, केव्हा, कशासाठी.’

‘म्हणजे फेरफारच की रे तो,’ वर्तमानपत्रामागून आवाज आला. ‘पण नुसती नोंद धरून भागत नाही. नोटीस काढता का? हरकतीला मुदत देता? आणि प्रमाणित कोण करतं?’

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग हसत म्हणाला, ‘करतो, बाबा. त्यालाच आम्ही पुल रिक्वेस्ट म्हणतो.’

ज्यांनी वडिलोपार्जित जमिनीसाठी चावडीचे उंबरे झिजविले आहेत त्यांना अधिक सांगणे नको. सातबारा पाहिला म्हणजे आज जमीन कोणाच्या नावे आहे ते कळते. ती तशी कशी झाली हे कळण्यासाठी त्यावरील फेरफार क्रमांक धरून मागे मागे जावे लागते. चालू आज्ञावली हा सातबारा, आणि गिटमधील कमिटांची साखळी ही फेरफारांची नोंदवही. तलाठ्याने नोंद धरावी, हितसंबंधितांस नोटीस जावी, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावी, या शिरस्त्याचेच रूप कोड रिव्ह्यूत दिसते. नोंदीत कारण लिहिण्याविषयीची अनास्थाही दोन्हीकडे सारखीच. ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ असली कारणे लिहिणाऱ्या मुलांविषयी ऐकून त्या गृहस्थांनी केवळ ‘अर्जावरून’ एवढेच लिहून मोकळ्या होणाऱ्या आपल्या एका सहकाऱ्याची आठवण काढली, आणि त्या एका शब्दापायी तीन पिढ्या कोर्टात गेल्याचे सांगितले. प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कोणी बदलली त्याचे नाव दाखविणाऱ्या आज्ञेचे नाव गिटमध्ये ‘ब्लेम’, म्हणजे दोषारोप, असे आहे. सबव्हर्जन या जुन्या व्यवस्थेत त्याच आज्ञेला ‘प्रेझ’, म्हणजे स्तुती, हेही नाव चाले, पण मला भेटलेल्यांपैकी ते वापरणारा कोणीही निघाला नाही. साम्य एके ठिकाणी तुटते. गिटमध्ये ‘रीबेस’ करून झालेला इतिहास नव्याने, अधिक नीटनेटका लिहून काढता येतो, हे मुलाने सांगताच वर्तमानपत्र खाली आले. ‘खाडाखोड?’ वडील म्हणाले. ‘आमच्याकडे निलंबन.’

मराठीशी या विषयाचा संबंध दृष्टान्तापुरता नाही. आपली लिपी यंत्रात बसविताना ज्यांचे हात पोळले अशा काहींचे संवाद येथे आहेत आणि त्यांपैकी एक प्रसंग मासल्यादाखल देतो. एका कार्यालयाच्या अर्जात नावासाठी पंधरा बाइटांचा रकाना ठेवलेला होता. ‘लक्ष्मीकांत’ हे नाव रोमन लिपीत अकरा अक्षरांचे, सबब पंधरा पुष्कळ झाले, असा आखणी करणाराचा हिशेब. योगायोगाने देवनागरीतही त्या नावाची युनिकोड चिन्हे अकराच होतात. परंतु प्रचलित संकेतानुसार देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, एकूण तेहेतीस. परिणामी पहिली पाच चिन्हे तेवढी रकान्यात मावली आणि अर्जदाराच्या हाती पावती आली ती ‘लक्ष्’ या नावाची, पाय मोडलेला ष घेऊन. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद यंत्राला शिकविताना झालेले श्रम दुसऱ्या एका संवादात सविस्तर आले आहेत. तो भेद बुजला तर गुरुजींची दक्षिणा स्वयंपाक्याला जाईल, हा व्याकरणाच्या तासाचा विनोद तेथे प्रत्यक्ष कामाची अट होऊन बसला होता.

भाषेचा प्रश्न ओघाने आलाच. ‘बिल्ड फुटला’, ‘कमिट मार’, ‘रिव्ह्यूला टाकलंय’ ही या लोकांची खरीखुरी मराठी. प्रथम मी तीत संस्कृतोद्भव प्रतिशब्द घालून पाहिले. एका बाईंनी आपलाच संवाद त्या अवतारात वाचून हा कोण गृहस्थ बोलतो आहे असे विचारले, तेव्हा तो नाद सोडला. शिवकालात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही मसुदा, हरकत, दफ्तर आणि तपशील हे शब्द आपल्या जिभेवर राहिलेच, आणि ते नसते तर ही प्रस्तावनाही मला लिहिता आली नसती. म्हणून संवादांत त्यांचे शब्द ठेवले आहेत. तत्समांची हौस मी येथे, माझ्या जबाबदारीवर, भागवून घेतली आहे.

संवाद चालू असतानाच, २०२१ नंतर, मनुष्याच्या भाषेत सांगितले असता स्वतः आज्ञावली लिहून देणारी हत्यारे आली, आणि काहींकडे मला पुन्हा जावे लागले. त्यांच्या मतांत मेळ नाही आणि तो घालण्याचा खटाटोप मी केलेला नाही. मात्र ठाण्याच्या एका मुलीचे म्हणणे मला विसरता येत नाही. ‘लिहायला मला सगळ्यांनी शिकवलं,’ ती म्हणाली, ‘वाचायला कुणीच नाही. आता दिवसभर वाचतेच आहे, आणि तेही ज्यानं लिहिलं त्याला काही विचारायची सोय नसलेलं.’ जिन्यावर मागून पोचवायला येणारा कोणी नाही, असे तिला म्हणावयाचे होते असे मी समजतो. ते कदाचित माझ्या मनातले असेल.

नोकरीच्या करारनाम्यांतील गोपनीयतेच्या अटींमुळे या ग्रंथात कोणाचेही नाव अथवा कार्यालय दिलेले नाही. मसुदे ज्याच्या त्याच्याकडे दुरुस्तीसाठी पाठविले होते. कर्वेनगरच्या गृहस्थांकडून त्यांचा मसुदा परत आला तो तेवीस क्रमांकित बदलांसह, आणि प्रत्येक बदलापुढे कारण लिहिलेले होते. इमॅक्सविषयीची सारी वाक्ये त्यांनी गाळली होती. कारणाच्या जागी ‘मुलगी वापरते’ एवढेच होते. बावीस बदल मी मान्य केले. तेविसावा तेरा तारखेच्या प्रसंगाचा. तो छापू नये, त्यात चूक माझीच होती, असे त्यांचे म्हणणे. त्यावर मी हरकत नोंदविली, आणि पंधरा दिवसांत त्यांचे काही उत्तर न आल्याने तो प्रसंग येथे कायम ठेवला आहे.